पाऊण इंचाचे आभार

आदरणीय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानू लागलो, तर आपण 'पँटची मोहरी किती ठेवू?' असे विचारून विषय बदलाल, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. वसमतला मोंढ्याच्या रस्त्यावर, संत नामदेवांच्या तसबिरीखाली आपले पायमशीन आहे आणि गेली कित्येक वर्षे माझे कपडे तिथेच शिवले जातात, एवढी ओळख वाचणाऱ्यांना पुरे.

गेल्या मार्गशीर्षात पुतण्याच्या लग्नासाठी मी शर्टाचे कापड घेऊन आपल्याकडे आलो होतो. त्याआधीच्या श्रावणात माझी आई गेली होती. तेव्हापासून मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राचे तास घेत होतो, जेवत होतो, बोलत होतो, पण कशातच जीव नव्हता. जो तो मला 'सावरा' म्हणत होता. सावरायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. आपण मानेच्या मणक्यावर इंचीटेपचे टोक धरून तो खाली सोडलात, थोडे थांबलात, वहीची पाने मागे उलटून माझे जुने माप शोधलेत आणि टेप पुन्हा लावून पाहिलात. मग खडू कानावर ठेवत म्हणालात, "सर, मागची उंची पाऊण इंच जास्ती भरायली, अन् पुढची कमी. या वयात माणूस उंच होत नसतो. वाकलाव तुमी."

मी अंगातल्या शर्टाकडे पाहिले. तो मागून वर चढला होता, पुढून लोंबत होता आणि कॉलर मानेपासून सुटली होती. आपण दोन रस्ते सांगितलेत: पाठीच्या बाकाप्रमाणे कापायचे, किंवा जुन्या मापाने कापायचे आणि मी त्या मापात परत यायचे. उत्तराची वाट न पाहता आपण आधी झोप लागते का आणि दोन वेळा जेवण जाते का, हे विचारलेत. लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा, ते शिंप्याचे काम नाही, असेही बजावलेत. (दुःख त्या टोकाला गेलेले कोणी हे वाचत असेल, तर त्याने 14416 या शासनाच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदत क्रमांकावर जरूर बोलावे.) माझी झोप बरी आहे असे कळल्यावरच आपण आपला नेम सांगितलात. दिवसभर मशीनवर वाकून बसणाऱ्या माणसाची पाठ तशीच घट्ट होऊ नये, म्हणून दर वेळी बॉबिन संपली की आपण उठता, खांदे मागे घेऊन सोडून देता, कपाळ आणि जबडा सैल करता आणि भिंतीकडे तोंड करून हसता. "कोणी बघत नसताना करायचं, सर. बघणारा असला की ते गिऱ्हाइकासाठी हसणं होतं."

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाची खोड जात नाही, त्यामुळे घरी जाऊन मी वाचायला बसलो. भावना मोकळेपणाने व्यक्त केली की ती तीव्र होते आणि आवरून धरली की मंदावते, हे चार्ल्स डार्विन यांनी 1872 मध्येच लिहिले होते. 1884 मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स त्याही पुढे गेले आणि शरीरातील बदलांची जाणीव म्हणजेच भावना, असे त्यांनी मांडले. 1988 मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ स्ट्रॅक आणि सहकाऱ्यांनी काही जणांना पेन ओठांचा स्पर्श न होऊ देता दातांत, तर काहींना नुसत्या ओठांत धरायला लावून व्यंगचित्रे दाखवली. दातांत पेन धरले की गाल वर ओढणारा हसण्याचा स्नायू आपोआप कामाला लागतो, ओठांत धरले की तो अडतो. दातांत पेन धरलेल्यांना तीच चित्रे थोडी अधिक गमतीदार वाटली.

हा प्रयोग मी रात्री स्वयंपाकघरात पेन्सिल घेऊन करून पाहिला. पेन्सिलीने काहीही झाले नाही, लाळ तेवढी गळली. तेवढ्यात सौभाग्यवती पाणी प्यायला उठल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काय करायलाव हो?" आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा खळखळून हसलो ते त्या प्रश्नाला. प्रयोगाच्या निष्कर्षात हे धरायचे की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी पेनाचा तोच प्रयोग पुन्हा केला आणि त्यांना तो परिणाम सापडला नाही. मी पुस्तक मिटणार होतो. पण या पुनरावृत्तीत सहभागी माणसांवर कॅमेरा रोखलेला होता, मूळ प्रयोगात तो नव्हता. आणि 2018 मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी दोन्ही प्रकारे करून पाहिले, तेव्हा कॅमेरा नसताना परिणाम दिसला आणि कॅमेरा असताना तो नाहीसा झाला. मास्तर, हे वाचताना आपले वाक्य कानात वाजले. आपण ते मशीनवर बसून शोधले होते. त्यानंतर 2022 मध्ये 19 देशांतील 3,878 माणसांवर झालेल्या अभ्यासात, मुद्दाम हसरा चेहरा केल्याने आनंदाची भावना किंचित वाढते असे आढळले. पेनाच्या युक्तीचा पुरावा मात्र तेव्हाही डळमळीतच राहिला.

पाठीबद्दलचा 2015 मधील न्यूझीलंडचा अभ्यास आपल्याला विशेष आवडेल. तिथे 74 जणांच्या पाठीला चिकटपट्ट्या लावून काहींना ताठ आणि काहींना पोक काढून बसवले आणि मग ताण येईल असे भाषण करायला सांगितले. ताठ बसलेल्यांची मनःस्थिती बरी राहिली, पोक काढलेल्यांच्या बोलण्यात 'मी' अधिक वेळा आला. त्यांनी पट्टी चिकटवली, आपण टेप नुसता टेकवलात. मात्र दोन मिनिटे ऐटीत उभे राहिल्याने शरीरातील संप्रेरके बदलतात, असा 2010 मधील गाजलेला दावा पुढच्या तपासात टिकला नाही, आणि 2016 मध्ये त्याच्या प्रमुख लेखिकेनेच तो सोडून दिला.

म्हणजे सगळा हिशेब केला तर परिणाम खरा आहे, पण लहान आहे. मला तो लहान आहे म्हणूनच पटला. 'सावरा' म्हणणाऱ्यांना सगळा माणूस एकदम बदलून हवा होता. आपण पाऊण इंच मागितला, आणि आईची आठवण जिथे होती तिथे राहू दिलीत.

बॉबिनऐवजी मी तासाची घंटा धरली. घंटा झाली की प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत जातो, खांदे सोडतो, भुवया सैल करतो आणि फॉर्मॅलिनच्या बरणीतल्या बेडकाकडे पाहून हसतो. पहिले आठ-दहा दिवस मान दुखण्यापलीकडे काही झाले नाही. मग एका दुपारी पेशींचे विभाजन शिकवताना माझा आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचत असल्याचे माझ्याच लक्षात आले. छाती दबलेली नसल्याने श्वास पुरत होता. कितीतरी दिवस मी फळ्याशीच बोलत होतो. काही दिवस अजूनही वाईट जातात, आणि श्रावणात तर बेडकाकडे पाहून रडूही आले होते. तरी घंटा होतेच आणि मी उठतोच.

आपण शर्ट जुन्या मापाने कापलात, हे मला ट्रायलच्या वेळी कळले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, इस्त्री करताना, पाठीच्या शिलाईत आत बोटभर जास्तीचे कापड दाबून ठेवलेले दिसले. मी सरळ झालो नसतो, तर शर्ट उसवून मला त्यात बसवण्याची सोय आपण करून ठेवली होती आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. ते कापड काढायचे नाही, असे मी घरी सांगून ठेवले आहे.

दिवाळीआधी पँटचे कापड घेऊन येतो. तेव्हा पाठही एकदा मापा. जे भरेल ते तोंडाने सांगू नका, वहीत लिहा. मी वाकून वाचीन, तेवढे चालवून घ्यावे.

आपला,
वसमतचा एक शिक्षक