पोशाखाइतकीच पावलेही जपा

महोदय,
अठराव्या शतकातले युरोपीय सामाजिक नाच आज पुन्हा उभे केले जात आहेत. इंग्लंडमध्ये बाथसारख्या शहरात त्या काळच्या पोशाखात नाचाच्या संध्याकाळी रंगतात, त्यांच्या चित्रफिती आपण घरबसल्या पाहतो. याचा मला मनापासून आनंद आहे. पण पुष्कळदा सगळे लक्ष रेशमी झग्यांकडे असते आणि मिन्युएट हा दरबारी जोडीनाच चालू असताना मंडळी नुसती चालत असतात, हे खटकते.

मिन्युएटच्या पावलांना लेखी आधार नाही असे थोडेच आहे? फ्रान्सचे नृत्यशिक्षक फॉय्ये यांनी १७०० साली नृत्यलेखनाची पद्धत छापून ठेवली. पानावर नाचणाऱ्याच्या वाटेची रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना पायांच्या खुणा. गुडघा कुठे वाकवायचा, अंग कुठे उचलायचे, तेही त्यात वाचता येते. मिन्युएटमध्ये सहा मात्रांत चार पावले बसवायची असतात. संगीत तीन-तीन मात्रांनी पुढे जाते आणि पाऊल आपल्याच हिशेबाने पडते. सगळी गोडी त्या ओढाताणीत आहे!

इंग्लंडच्या कंट्री डान्सची, म्हणजे अनेक जोड्यांनी मिळून करायच्या नाचाची, गोष्ट निराळी. तिथल्या छापील पुस्तकांत जोड्यांनी जागा कशा बदलायच्या ते मिळते, पावले बहुधा गृहीतच धरलेली. तिथे अंदाज करावाच लागतो, आणि जरूर करावा. फक्त कुठले जुन्या पानांवरून घेतले आणि कुठले आपण रचले, एवढे माहितीपत्रकात दोन ओळींत छापावे, ही आयोजकांना कळकळीची विनंती.

– एक नृत्यप्रेमी वाचक, पुणे