राजीनाम्यातलं 'घरगुती कारण'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१२ मेचा परिचारिका दिन जवळ आला की परिचारिकांना 'देवदूत' म्हणणारे लेख येतात. मी तेहतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची दोन कोविडची. देवदूताला भीती वाटत नसावी. आम्हाला वाटत होती, आणि या शब्दामुळे ती बोलून दाखवायची सोय राहिली नाही.

मरणाच्या भीतीपेक्षा आपण घरी काय घेऊन जातोय, याची धास्ती मोठी. पीपीई किट, म्हणजे संरक्षक पोशाख, घालताना नाही, काढताना खरा धोका असतो. आधी हातमोजे, मग गाऊन, मग गॉगल, मास्क सगळ्यात शेवटी, मधे हात धुणं. हे करायचं केव्हा? ड्युटी संपताना, जेव्हा घशाला कोरड पडलेली असते (लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी टाळलेलं) आणि डोळ्यांसमोर अंधारी येत असते. मग रात्री अंथरुणात तोच क्रम पुन्हा मनात सुरू. गाऊन काढल्यावर हात धुतले होते का? की थेट गॉगलला लावले? तेवढ्यावर झोप जायची.

कामातही ती भीती शिरली. बेल वाजली की धावायचं, ही आमची सवय. आता आधी किट चढवा, मग जा. तेवढ्या वेळात पलीकडच्या माणसाचं काय होत असेल, हे काचेतून दिसायचं. त्या मिनिटांचं ओझं अजून उतरलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात कोविडने ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी गेले. तेव्हा भीती म्हणजे काही मनाचे खेळ नव्हते. फिलिपिन्समध्ये २६१ परिचारिकांच्या पाहणीत कोविडची भीती जास्त असलेल्यांमध्ये कामातलं समाधान कमी आणि पेशाच सोडण्याचा विचार जास्त आढळला. ज्यांना कोविडचं प्रशिक्षण मिळालं नव्हतं, त्या अधिक घाबरलेल्या होत्या. मला यात नवल वाटलं नाही. कॅनडातल्या टोरांटोत तर २००३च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर वर्ष-दोन वर्षांनीही तिथले रुग्णालय कर्मचारी मानसिकदृष्ट्या थकलेले आढळले होते. म्हणजे हे २०२०च्या आधीच माहीत होतं.

आमच्याकडे काय झालं? नोटीस बोर्डावर समुपदेशनाचा फोन नंबर लागला. ड्युटी रूममध्ये चौघींसमोर कोण फोन करणार? मास्कचा साठा किती दिवसांचा आहे, हे मात्र विचारूनही कोणी सांगितलं नाही. एका नव्या मुलीने मीटिंगमध्ये 'भीती वाटते' म्हटलं, तर उत्तर मिळालं, ''घाबरणाऱ्यांनी या पेशात येऊ नये.'' मीही त्या खोलीत होते आणि गप्प बसले. चार महिन्यांनी तिने राजीनामा दिला. कारण लिहिलं : घरगुती. तिच्यानंतर आणखी दोघींनी तेच लिहिलं.

कागदोपत्री त्या तिघी घरच्या अडचणीमुळे गेल्या. त्यांचे फोन नंबर ऑफिसात अजून असतील. पुढच्या साथीची तयारी म्हणून नुसते बेड मोजण्याआधी प्रत्येक रुग्णालयाने अशा सोडून गेलेल्यांना एकदा फोन करावा आणि ते घरगुती कारण काय होतं, ते विचारावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका