बाबा, टूरमधली ती कुत्र्यांची शर्यत रद्द करायला सांगा

प्रिय आई-बाबा,

टूरवाल्यांचा कार्यक्रम पाठवलात तो नीट वाचला. लंडन, एडिंबरा, बेलफास्ट, मग डब्लिन, सगळं छान जमवलंय, पण डब्लिनच्या दुसऱ्या संध्याकाळी जे लिहिलंय ना, 'ग्रेहाउंड रेसिंग नाईट विथ डिनर', त्याबद्दल मला बोलायचंय. फोनवर विषय काढला की बाबा हसतात आणि "हां घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात, त्यामुळं हे लांबलचक लिहितेय. आई, तू वाचून दाखव, चष्मा सापडत नाही हे कारण चालणार नाही.

जागा म्हणजे शेलबर्न पार्क. इथं डब्लिनमध्ये रिंग्सेंड नावाचा भाग आहे, गूगलचं मोठं ऑफिस आहे तिथून चालत जाता येतं, तिथं 1927 पासून कुत्री पळवतात. आता ते सगळं चकाचक केलंय, वर काचेच्या आत रेस्टॉरंट, टेबलावर बसून जेवायचं, पैसे लावायला उठायचंसुद्धा नाही, माणूस टेबलापाशी येऊन घेऊन जातो. खाली सहा कुत्री, तोंडाला मुसकं, अंगावर जाकीट, एक नंबरला लाल, दोनला निळं, तीनला पांढरं, चारला काळं, पाचला केशरी आणि सहाला काळे-पांढरे पट्टे. यंत्रावर खोटा ससा फिरतो, त्याच्यामागं ती सुटतात, आणि अर्ध्या मिनिटात सगळं संपतं. मग पुढची शर्यत येईपर्यंत पंधरा मिनिटं लोक खातात-पितात. बघायला मजा येते हे मी नाकारत नाही, ग्रेहाउंड पळताना बघणं म्हणजे काय चीज आहे हे बाबांना मी सांगायला नको, आपल्या दारात कारवानी कुत्रा होता तेव्हा गल्लीतली सगळी पोरं त्याचं पळणं बघायला यायची.

पण त्या काचेतून पळण्याच्या आधीचं आणि नंतरचं काही दिसत नाही, आणि टूरवाला ते सांगणार नाही.

2019 च्या जूनमध्ये इथल्या सरकारी टीव्हीवर, म्हणजे आरटीईवर, एक कार्यक्रम लागला होता. त्यात एक अहवाल बाहेर आला जो या शर्यतींचा कारभार बघणाऱ्या सरकारी ग्रेहाउंड बोर्डानंच पैसे देऊन करून घेतला होता, म्हणजे कुणी प्राणीमित्रांनी रागात केलेला नाही. त्यात होतं की वर्षाला जवळजवळ 6,000 कुत्री मारून टाकली जातात, का तर ती हवी तेवढी जोरात पळत नाहीत. आजारी नाहीत, म्हातारी नाहीत, फक्त थोडी हळू. कारण साधं आहे बाबा, पिल्लंच गरजेपेक्षा कितीतरी जास्त काढतात, म्हणजे त्यातून एखादं वाऱ्यासारखं निघेल, आणि बाकीच्यांना खायला कोण घालणार? लोक प्रचंड भडकले, स्पॉन्सर पटापट मागं झाले, इथला एक घराघरात जाणारा चहाचा ब्रँड आहे बॅरीज, त्यांनीपण नाव काढून घेतलं.

त्यानंतर सुधारणा झाल्या, तेही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल एकतर्फी बोलतेय. नवीन कायदा आला, बोर्डाचं नाव बदललं, प्रत्येक कुत्र्याची जन्मापासून नोंद ठेवायची सिस्टीम आली, निवृत्त कुत्र्यांना घर मिळवून देणारी योजना आहे. खूप कुत्री इटलीला, इंग्लंडला पाळायला जातात. पण शर्यत तीच, ट्रॅक तोच, आणि वळणावर सहाच्या सहा एकमेकांवर आदळतात तेही तेच. घड्याळाच्या उलट दिशेनं पळतात ना, त्यामुळं सगळा भार वळणाला उजव्या बाजूवर येतो आणि मागच्या उजव्या पायाचं घोट्याजवळचं हाड मोडतं, हे इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर लोकांना बघितल्यावर कळतं हा शर्यतीतला आहे म्हणून.

माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडं असा एक निवृत्त कुत्रा आहे, मर्फी. मांड्यांवरचे केस गेलेले, दोन्ही कानांच्या आत हिरवट अक्षरं गोंदलेली. पहिल्या आठवड्यात जिन्यापाशी जाऊन नुसता उभा राहायचा, जिना म्हणजे काय हेच त्याला माहीत नव्हतं, तिनं एकेक पाय उचलून पायरीवर ठेवून शिकवलं. काचेच्या दारावर जाऊन धडकायचा. आणि पळायचं म्हणाल तर दिवसातून एकदा बागेत दोन गोल मारतो की संपलं, उरलेला दिवस सोफ्यावर पाय वर करून घोरतो, अगदी आपल्या नाना आजोबांसारखा. वय किती, तर चार. म्हणजे यांची शर्यतीतली नोकरी संपली आणि आयुष्य अजून आठ-नऊ वर्षं बाकी.

आता मी काय करते ते. आम्ही काही जण मिळून शनिवारी संध्याकाळी जमेल तसं गेटबाहेर उभे राहतो, पाट्या घेऊन, शांतपणे, कुणाला अडवत नाही. पण माझं मत असं की गेटवर उभं राहून निम्मंच काम होतं. तिथं रोज येणारा जुगारी माणूस आमच्याकडं बघतसुद्धा नाही. खरी गर्दी कुणाची, तर लग्नाआधी पार्टी करायला आलेल्या पोरी, ऑफिसच्या पार्ट्या आणि बसमधून उतरलेले टूरिस्ट. नेहमीचे लोक कमी होत चाललेत म्हणून तर यांना टूरिस्ट हवेत. म्हणून आम्ही हॉटेलांना लिहितो की रिसेप्शनवरच्या त्या रॅकमधून हे पत्रक काढा, टूर कंपन्यांना लिहितो की पॅकेजमधून ही संध्याकाळ काढा. काही हॉटेलं उत्तरच देत नाहीत. एका मॅनेजरनं मात्र सरळ सांगितलं, मला हे काय असतं माहीतच नव्हतं, कुणीतरी गठ्ठा आणून ठेवतं आणि आम्ही लावतो, आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा गायब. परवा गेटवर एका बसमधून आपलीच माणसं उतरली, नाशिककडची असावीत बोलण्यावरून, एक काकू माझ्या हातातली पाटी वाचून मला म्हणाल्या, "अगं पण आमचे पैसे भरलेत आधीच." त्यांना मी काय बोलणार? आत गेल्या त्या. तेव्हाच डोक्यात आलं की हे गेटवर नाही, घरून निघतानाच सांगायला हवं, आणि नेमका तुमचा कार्यक्रम आला.

बाबा आता म्हणणार, आमच्या चार तिकिटांनी काय फरक पडतो, सरकार पैसे देतंच की. देतं, खरंय. घोडे आणि कुत्र्यांच्या शर्यतींसाठी एक सरकारी फंड आहे, त्यातला 80 टक्के घोड्यांना आणि 20 टक्के कुत्र्यांना. 2025 साठी कुत्र्यांच्या वाट्याला 1 कोटी 98 लाख युरोच्या आसपास आले, आपल्या रुपयांत पावणेदोनशे-दोनशे कोटी धरा. दरवर्षी बजेटला इथल्या संसदेत यावरून भांडण होतं आणि दरवर्षी पास होतं. पण पैसे मागताना स्टँडमध्ये माणसं दाखवायला लागतातच की, हा बघा मनोरंजनाचा धंदा आहे, परदेशी लोक हौसेनं येतात. त्या फोटोत तुम्ही नको, एवढंच माझं म्हणणं.

आणि दुसरं जे म्हणणार ते मला पाठ आहे: बैलगाडी शर्यतीचं काय? आपण जत्रेत कुत्री पळवतो त्याचं काय? तू कोण गोऱ्यांना शिकवणारी? बाबा, मी कुणालाच शिकवत नाही, इथं उभे राहणारे बहुतेक इथलेच आहेत, मी एक ब्राउन चेहरा. बैलगाडीबद्दल 2014 ला बंदी आली तेव्हा तुम्ही किती चिडला होतात, मग 2021 ला कोर्टानं परवानगी दिली तेव्हा पेढे वाटलेत, आणि 2023 च्या निकालाचा मेसेज पहिला तुमचाच होता, सगळं आठवतंय. मी तेव्हाही म्हणलं होतं की चाबूक आणि खिळे मला पटत नाहीत, आजही पटत नाहीत. पण आपल्या सर्ज्याला हरल्यावर कुणी मारून टाकलं नाही, तो गोठ्यातच म्हातारा झाला. सगळ्यांचे बैल असे म्हातारे होत नाहीत, बाजारात कुठं जातात हेही तुम्हाला माहितीय आणि मलाही, म्हणून मी आपलं तेवढं चांगलं असं अजिबात म्हणणार नाही. पण एकानं चुकीचं केलं म्हणून दुसऱ्याच्या चुकीला तिकीट काढून टाळ्या वाजवायच्या हे कुठलं गणित?

इथल्या ट्रेनर लोकांवर माझा राग नाही हेपण सांगते. केरी, टिपररी, लिमरिककडचे साधे शेतकरी असतात, घरामागं चार-पाच कुत्री, बापानं केलं म्हणून पोरगा करतो, कुत्र्याच्या पायाला तेल चोळताना बघितलं तर डिट्टो आपल्याकडचे लोक. पण दुनिया बदलतेय. मकाऊचा ट्रॅक 2018 ला बंद झाला, पाचशेवर कुत्री मागं राहिली आणि लोकांनी त्यांना देशोदेशी घरं शोधून दिली. फ्लोरिडात लोकांनी मत देऊन बंद पाडलं, 2020 संपताना शेवटची शर्यत. न्यूझीलंडनं डिसेंबर 2024 ला बंदी जाहीर केली, वेल्सनं फेब्रुवारी 2025 ला. आयर्लंड अजून हटून बसलंय.

तर कामाचं बोलू. टूरवाल्याला मेल करायचा की आमच्या ग्रुपला ही संध्याकाळ नको. पाटील काका आणि देशमुख वहिनींनापण विचारा, चार-सहा जण बोलले की तो बदलतो, त्याला काय, त्याला दुसरीकडचं कमिशन मिळेल. मेलचा मजकूर मी इंग्लिशमधून लिहून वेगळा पाठवतेय, बाबांनी फक्त खाली नाव आणि बुकिंग नंबर घालायचा. नाहीच बदललं तर तुम्ही दोघं त्या संध्याकाळी बसमध्ये चढू नका, मी हॉटेलवर येते घ्यायला. जूनमध्ये इथं रात्री दहापर्यंत उजेड असतो, डन लेअरीच्या धक्क्यावर चालत जाऊ, आईस्क्रीम खाऊ, आणि क्रोक पार्क स्टेडियमला हर्लिंगची, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाची, मॅच असेल तर बाबांना नेते, काठ्या घेऊन माणसं अशी पळतात की पैसे लावावेसे वाटतील. मर्फीलापण भेटवते, मैत्रिणीशी बोललेय.

आई, गुडघ्याच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घे, इथं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हँडबॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत नको. मेल या आठवड्यात करा, टूरवाले पंधरा दिवस आधी सगळं फायनल करतात.

तुमची,
सुप्रिया