नव्या मत्स्यालयात आपलाच समुद्र दिसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय 2020 च्या टाळेबंदीत बंद झाले. इमारत 1951 ची, खाऱ्या वाऱ्याने खिळखिळी झालेली. तेव्हापासून नवे मत्स्यालय कुठे आणि कोणी बांधायचे, याच्या बातम्या अधूनमधून येतात. जागा, खर्च, काचेचा बोगदा यांवर भरपूर लिहिले जाते. टाक्यांत मासे कोणते असणार, हे मात्र कोणी विचारताना दिसत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

आपल्याकडे मत्स्यालय म्हटले की अरोवाना, क्लाउनफिश आणि निळ्या-पिवळ्या रंगीत माशांची आरास, असा शिरस्ता पडला आहे. हे मासे आता शोभिवंत माशांच्या कोणत्याही दुकानात मिळतात आणि त्यांतले कित्येक तर गोड्या पाण्यातले. अरबी समुद्राच्या काठावर इमारत उभारायची आणि आत अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले मासे दाखवायचे, याला काय म्हणावे?

मुंबईचा समुद्र गढूळ आहे. खाड्यांतून येणारा गाळ आणि भरती-ओहोटीचा जोर यांमुळे हातभर खालचेही दिसत नाही. मालवणला पाण्यात उतरून प्रवाळ पाहता येतात, तशी सोय इथे नाही. त्यामुळे या पाण्यात बघण्यासारखे काही नाहीच, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात मोठ्या ओहोटीला हाजी अलीच्या किंवा वरळीच्या खडकांवर गेले, तर समुद्रफुले, शंख, खेकडे आणि नशीब असेल तर ऑक्टोपसही दिसतो. सागरी किनारा मार्गासाठी 2020 मध्ये तिथले प्रवाळ उचलून दुसरीकडे हलवावे लागले, तेव्हा कुठे ते आपल्या शहरात आहेत हे अनेकांना कळले. ज्या समुद्राच्या पोटात डोकावता येत नाही, त्याच्याच काठावर मत्स्यालयाची खरी गरज असते.

दाखवण्याजोगे किती आहे! एका टाकीत पाणी ठरावीक वेळाने चढू-उतरू द्यावे. पाणी ओसरले की चिखलावर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) पुढच्या परांवर सरपटताना, मध्येच उडी मारताना दिसतील. अंग ओले असेपर्यंत त्या कातडीतूनही श्वास घेतात. शेजारी तिवरांची मुळे आणि त्यांच्यात वावरणारा जिताडा असावा. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, हे वाचून शाळेची सहल त्या काचेपुढून हलणार नाही. पाखट (चपटा, रुंद मासा) आणि तळाशी पडून राहणाऱ्या लहान जातीच्या मुशी, म्हणजे शार्क, टाकीत चांगल्या रुळतात. शेवंडाची (लॉब्स्टरची) पिल्ले पानासारखी चपटी आणि पारदर्शक असतात, ती कित्येक महिने खुल्या समुद्रात तरंगत राहतात. मुठीएवढा शेवंड जाळ्यात आला म्हणजे त्यामागे केवढा प्रवास झालेला असतो, हे ताटात कळत नाही.

बोंबील आणि सरंगा (पापलेट) जिवंत ठेवता येत नाहीत, असा आक्षेप येईल. तो बऱ्याच अंशी खरा आहे. बोंबलाचे अंग मऊ, पाणीदार. डोलीतून, म्हणजे पिशवीसारख्या मोठ्या जाळ्यातून, वर येईपर्यंत त्याचा जीव जातो. सरंग्याचे खवले हात लागताच गळतात. पण सरंगा 2023 पासून आपला राज्यमासा आहे, त्याला वगळून कसे चालेल? त्याची हुबेहूब प्रतिकृती ठेवावी, चित्रफीत दाखवावी, डोलीचे खरे जाळे छताला टांगावे. माशांची पूर्ण न वाढलेली पिल्ले विकत घेतल्याने काय होते, हेही तिथेच सांगावे. इथे गिऱ्हाइकाचे शिक्षण झाले, तर मासळीबाजारात त्याचा उपयोग होईल.

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावात 1984 मध्ये सार्डिन डबाबंद करणाऱ्या जुन्या कारखान्याच्या जागी मत्स्यालय झाले. दारातल्या उपसागरातील जीव हाच त्याचा मुख्य विषय, आणि जगभरातून लोक तेच बघायला येतात. त्या मानाने आपली तयारी शून्यातून नाही. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, त्याचे स्वतःचे मत्स्यालय आहे. पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्याचा खारेपणा उतरतो तेव्हा काय करायचे, नव्या टाकीत माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू वाढेपर्यंत किती थांबायचे, हे जाणणारी माणसे राज्यातच आहेत. फक्त त्यांना सल्लागार म्हणून आधी बोलवावे, उद्घाटनाला पाहुणे म्हणून नव्हे. तसेच माहिती सांगण्याच्या नोकऱ्यांत कोळीवाड्यांतल्या तरुण-तरुणींना प्राधान्य मिळावे. वारा बदलला की कोणती मासळी येते, हे ज्यांच्या घरात रोज बोलले जाते, त्यांच्या तोंडून ऐकणे वेगळेच.

मत्स्यव्यवसाय विभागाला आणि महापालिकेला एकच विनंती. निविदा काढण्यापूर्वी प्रत्येक टाकीत कोणता जीव असेल, तो कुठून येईल आणि मेला तर त्याची नोंद कोण ठेवेल, याची यादी जाहीर करावी आणि त्यावर नागरिकांच्या हरकती-सूचना मागवाव्यात. इमारतीचा आराखडा त्यानंतर काढला तरी चालेल.

आपला,
एक वाचक