नाग, मण्यार आणि ५० नॅनोमीटरची फट

पुणे, १२ जुलै

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न नेमका आहे. नाग चावो की मण्यार, पापण्या दोन्हींत पडतात. मग निओस्टिग्मिनच्या इंजेक्शनने एकाला उतार पडतो आणि दुसऱ्याला का नाही?

चेतातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये साधारण ५० नॅनोमीटरची फट असते, म्हणजे मिलिमीटरचा विसहजारावा भाग. विजेचा संदेश इथे थांबतो; पुढचं काम रसायनाचं. तंतूच्या टोकाशी बारीक पुटिका, म्हणजे पिशव्या असतात, एकेकीत ॲसिटिलकोलिन या निरोप्या रसायनाचे पाच-दहा हजार रेणू. संदेश पोचला की टोकात कॅल्शियम शिरतं आणि पुटिका पडद्याला चिकटून फटीत रिकाम्या होतात. पलीकडे स्नायूवर ग्राही, म्हणजे हे रेणू पकडणारी दारं असतात. एका ग्राहीला दोन रेणू चिकटले की तो जेमतेम मिलिसेकंदभर उघडतो, सोडियम आत जातं, स्नायू आखडतो. लगेच कोलिनेस्टरेज हे विकर ॲसिटिलकोलिनचे तुकडे करतं. हे तोडणं सोडण्याइतकंच मोलाचं: ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं हेच विकर बंद पाडतात, म्हणून फवारणीत विषबाधा झालेल्याला लाळ, घाम सुटतो आणि छाती भरून येते.

आता नाग. त्याचं विष ग्राहीवर जाऊन बसतं आणि ॲसिटिलकोलिनला जागाच देत नाही. सगळी संगीत खुर्ची आहे: ज्याची संख्या जास्त, त्याला जागा मिळण्याची शक्यता जास्त. निओस्टिग्मिन कोलिनेस्टरेजला रोखतं, फटीत ॲसिटिलकोलिन साचतं आणि पापण्या उचलू लागतात. पण ते हृदयाशी आणि श्वासनलिकांशीही साचतं. ठोके मंदावतात, कफ वाढतो. म्हणून हे परिणाम रोखणारं ॲट्रोपिन सोबत हवंच. मोठ्या माणसाला रूढ मात्रा ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून आणि निओस्टिग्मिन १.५ मिलिग्रॅम स्नायूत. मग तासभर बघायचं: पापणी किती मिलिमीटर उघडते, एका श्वासात किती आकडे मोजता येतात, उशीवरून मान उचलते का. फरक नसेल तर पुन्हा देण्यात अर्थ नाही.

मण्यारीचा मुख्य मारा फटीच्या अलीकडे असतो. तिच्या विषातलं फॉस्फोलिपेज हे विकर चेतातंतूचं टोकच पोखरतं, पुटिका संपतात. सोडायला ॲसिटिलकोलिनच नाही, मग विकर रोखून साचणार काय? प्रतिविषही रक्तात फिरणारं विष पकडतं, पोखरलेलं टोक दुरुस्त करत नाही. म्हणून ते लवकर द्यावं लागतं (सुरुवातीला साधारण १० कुप्या) आणि उशीर झाला की कुप्या वाढवून उपयोग नसतो. टोक पुन्हा वाढायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर माणसाला जगवतं व्हेंटिलेटर. माझ्या मते मण्यारीच्या दंशात कुप्यांच्या हिशेबापेक्षा श्वासावरची नजर महत्त्वाची.

एक गोष्ट डॉक्टरांनाही चकवते. पूर्ण लुळ्या पडलेल्या रुग्णाच्या बाहुल्या मोठ्या होऊन उजेडाला हलेनाशा होतात, हाक मारली तर काही हलत नाही. मेंदू मेला असं वाटतं, पण तो शाबूत असू शकतो आणि रुग्णाला सगळं ऐकू येत असतं. त्याच्या उशाशी बोलताना भान ठेवायला हवं.

वर्गात फटीची आकृती काढशील तेव्हा हेही सांग: मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूज नसते, दाताच्या खुणाही दिसत नाहीत. पहाटे पोट दुखतंय, उलटी होतेय, पापण्या जड झाल्यात असं कुणी म्हणालं तर खुणा शोधत बसू नये, पट्टा आवळू नये, सरळ व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठावं. वाटेत गिळता येत नसेल तर पाणीसुद्धा पाजू नये आणि कुशीवर झोपवावं. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विवेक