सौर संचाच्या कोटेशनमध्ये ‘वापरता येणारे युनिट’ लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटच्या सौर संचाला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, त्यामुळे मध्यमवर्गीय घरांवरही पॅनेल दिसू लागली आहेत, याचा मनापासून आनंद आहे. मात्र यातील बहुतेक संच ऑन-ग्रिड असतात. दिवसाची जादा वीज ते वीज कंपनीच्या तारांत सोडतात, नेट मीटरवर तिची वजावट मिळते, पण घरात काहीच साठत नाही. वीजपुरवठा खंडित झाला की तारांवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून संचातला इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) आपोआप बंद पडतो. भर दुपारी, डोक्यावर पॅनेल असताना पंखा का थांबला, हे मग घरच्यांना उमगत नाही आणि घाईघाईने बॅटरीची चौकशी सुरू होते.

खरी गफलत इथेच होते. बॅटरी वीज रासायनिक रूपात साठवते आणि ती सगळी परत काढून घेता येत नाही. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत कागदोपत्री 1.8 युनिट मावतात. परंतु ती वरचेवर निम्म्याखाली उतरवली तर आयुष्य झपाट्याने घटते, म्हणजे हाती जेमतेम 0.9 युनिट येतात. दोन पंखे आणि चार दिवे मिळून 200 वॅटचा भार धरला, तर ही वीज फार तर साडेचार तासांत संपते. शिवाय पावसाळ्यात सलग ढगाळ दिवस आले की बॅटरी पूर्ण भरतच नाही, प्लेटांवरचे लेड सल्फेट कडक होत जाते आणि पुढे ऊन पडले तरी ती पूर्वीइतका चार्ज घेत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि वापराच्या वेळी परततात; तिची 80 ते 90 टक्के क्षमता निर्धोकपणे वापरता येते व ती हजारो वेळा चार्ज होते. किंमत अधिक असली, तरी रोज रात्री बॅटरी वापरणाऱ्या घराला माझ्या मते हीच परवडते. गच्चीवरच्या तापत्या पत्र्याखाली मात्र कोणतीच बॅटरी ठेवू नये.

म्हणून विनंती अशी की, इन्व्हर्टर ऑन-ग्रिड आहे की हायब्रिड (म्हणजे बॅटरी जोडता येणारा), बॅटरीतून प्रत्यक्ष किती युनिट वापरता येतील आणि 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी कोठे जमा करायची, या तीन गोष्टी प्रत्येक विक्रेत्याने कोटेशनवर मराठीत लिहून देणे बंधनकारक करावे.

आपला,
एक वाचक, सातारा