‘का करतोस?’ असं न विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात घालत नाही, माझ्या मुलाचंही नाही. हे पत्र त्यानं आधी वाचलंय. काही वाक्यांवर त्यानं काट मारली, ती काढून टाकली. तो स्वतःला इजा करून घ्यायचा, एवढंच लिहिते. कशी आणि कशानं ते नाही. असले तपशील वाचून त्रासात असलेल्या दुसऱ्या एखाद्या पोराच्या डोक्यात तेच घोळायला लागतं, हे तुम्हीच सांगितलं होतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख. तुम्ही माझ्या मुलाच्या थेरपिस्ट. आम्ही सोलापुरातल्या ‘जुळे सोलापूर’ या भागात राहतो. माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा व्यवसाय आहे, मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग नीट चालू ठेवणारे. मुलगा तेव्हा अकरावीला होता.

तुमच्याकडे येण्याआधी भेटेल त्यानं त्याला एकच विचारलं होतं, “का करतोस असं?” एका डॉक्टरांनी तर त्याच्या तोंडावर म्हटलं, “नाटकं आहेत, लक्ष वेधून घ्यायची.” नात्यातलं कुणी म्हणालं बाहेरचं काही आहे, बघून घ्या. कुणी म्हणालं, मागावर उभा करा, बारा तास पाय दुखले की खूळ उतरेल. तुम्ही मात्र विचारलंत, “ते केल्यावर तुला काय वाटतं?” तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “थोडा वेळ शांत होतं.” तुम्ही दचकला नाहीत, ओरडला नाहीत. म्हणालात, “म्हणजे तुला त्याचा उपयोग होतोय. मग त्या जागी दुसरं काय चालेल ते आपण शोधू. सापडेपर्यंत तुला जपायचं.”

त्या दिवशी घरी आल्यावर तो पोटभर जेवला. यावर काय बोलू?

‘नाटकं’ या आरोपाचं उत्तरही तुम्ही फार सोपं दिलंत. ज्याला लक्ष वेधायचंय तो मे महिन्यात, सोलापूरच्या 42 डिग्रीत, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरेल का? असं करणारी बहुतेक मुलं लपवतात. आणि समजा एखाद्यानं दाखवलंच, तर त्याला काहीतरी सांगायचंय आणि ते तोंडानं सांगता येत नाहीये. मग तर जास्तच लक्ष द्यायला हवं.

यामागं काय चालतं ते तुम्ही आम्हा दोघांना वहीच्या पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलंत. मनातला ताण असह्य होतो, इजा केली की तो क्षणभर उतरतो, मेंदू ते लक्षात ठेवतो. थोड्या वेळानं लाज वाटायला लागते, आपण वाईट आहोत असं वाटतं, आणि तीच लाज पुढच्या वेळचं कारण होते. कुणी मन बधिर झालं म्हणून, काहीतरी जाणवावं म्हणून करतं. कुणी स्वतःला शिक्षा म्हणून. आमच्याकडे शिक्षेचा भाग मोठा होता. मार्क कमी पडले की बाकीची मुलं चिडतात, रडतात, हा स्वतःवरच सूड उगवायचा. एकच एक कारण नसतं, हेही तुम्ही बजावलंत. त्यामुळे आमच्या घरातला ‘तुझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं’ हा तमाशा बंद पडला. त्यासाठी वेगळे आभार.

माझी मोठी भीती, हा जीव तर देणार नाही ना? तुम्ही खोटा दिलासा दिला नाहीत. बऱ्याचदा यात मरायचा हेतू नसतो, पण अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढतो, म्हणून सरळ विचारायचं. विचारल्यानं डोक्यात नवा विचार पेरला जात नाही. तुम्ही त्याला एकट्याला बसवून विचारलंत. त्याआधी नियमही सांगितलात, जिवाला धोका वाटला तर आई-बाबांना सांगणार, बाकीचं तुझ्या-माझ्यात. तो मोकळा झाला तो या नियमामुळं, असं माझं मत आहे.

मिस्टरांना पोलीस केसची धास्ती होती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूससुद्धा तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत ही सरकारची जबाबदारी आहे, हे तुमच्याकडून ऐकलं तेव्हा ते जरा टेकून बसले.

मग ती थेरपी. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे बोलून आणि सराव करून भावना सांभाळायला शिकायचं. मला अजून नीट म्हणता येत नाही, आम्ही घरी ‘डीबीटी’ म्हणतो. हे खरंच चालतं का, असं मी जरा फटकूनच विचारलं होतं. तेव्हा तुम्ही मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची गोष्ट सांगितलीत. ही पद्धत त्यांनीच घडवली, 1993 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. आणि 1961 मध्ये, 17 वर्षांच्या असताना, त्या स्वतः हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या, दोन वर्षांहून जास्त. त्याही स्वतःला इजा करायच्या. 2011 मध्ये त्याच संस्थेत उभं राहून त्यांनी हे जाहीर सांगितलं. माझा मुलगा मान खाली घालून ऐकत होता, पण ऐकत होता. जाताना रिक्षात त्यानं विचारलं, “आई, त्या बाई अजून आहेत का गं?”

रोज रात्री तो कार्ड भरायचा. आज राग किती, उदास किती, इजा करायची ओढ किती, शून्य ते पाच. ज्या दिवशी इजा झाली असेल त्या दिवसाची साखळी मागं मागं काढायची. एक साखळी त्यानं मला दाखवली होती, ती लिहायला त्याची परवानगी आहे. रात्री दोनपर्यंत मोबाइल. सकाळी न खाता क्लास. चाचणीचे मार्क ग्रुपवर सगळ्यांसमोर. घरी आल्यावर आतेभावाचा टोमणा. काही न बोलता दार बंद. मार्कांवर आमचा इलाज नव्हता, पण झोप आणि नाष्टा तर हातात होता! मिस्टरांना ही साखळी माझ्याआधी समजली. “कापडात दोष दिसला म्हणून आम्ही कापडाला शिव्या देत नाही,” ते म्हणाले, “मागं जाऊन कुठला धागा तुटला ते बघतो.”

ओढ लाटेसारखी चढते आणि उतरते, तेवढा वेळ काढायचा, हे तो शिकला. त्यासाठी गार पाण्यात तोंड बुडवून थोडा वेळ श्वास रोखायचा, त्यानं हृदयाची धडधड मंदावते. हृदयाचा त्रास असणाऱ्यानं हे करू नये, असं तुम्ही सांगितलं होतं म्हणून इथं लिहिते. पहिल्यांदा मोरीत बादलीत डोकं घालून बसलेला बघून सासूबाई घाबरल्या. आता त्याच बर्फाचा ट्रे भरून ठेवतात.

आम्हालाही गृहपाठ होता. औषधांचा डबा कुलपात ठेवायचा. “एवढं काय त्यात” हे शब्द बंद. तो काही सांगायला लागला की आधी “वाईट वाटलं असणार” म्हणायचं, सल्ला नंतर, आणि तोही मागितला तर. मॅडम, भाकरी थापताना गप्प राहणं सोपं, पोरगं बोलत असताना सल्ला गिळणं फार अवघड.

बारावीच्या परीक्षेत पुन्हा झालं. तुम्ही कपाळाला हात लावला नाहीत. “कार्ड काढ, साखळी लिहू,” एवढंच. उदासी जास्त वाटली तेव्हा तुम्हीच सिव्हिलच्या मानसोपचार विभागात पाठवलंत. गोळ्या उदासीसाठी आहेत, या सवयीवर वेगळी अशी गोळी नाही, हे स्पष्ट सांगून. तुमची फी आम्हाला दर आठवड्याला झेपत नव्हती, तेही न बोलता तुम्ही ओळखलंत.

यंदाच्या गड्ड्यातली, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतली गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय. होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत एका नातेवाइकानं त्याचा हात धरला, “हे रे काय?” याचं उत्तर तुम्ही त्याच्याकडून किती वेळा घोकून घेतलं होतं! हात सोडवून तो म्हणाला, “जुनं आहे. मला त्यावर बोलायचं नाही. तुम्ही पाळण्यात बसणार का?” ते बसले, आणि पैसे त्यांनीच दिले.

दुसऱ्या आयांसाठी एक गोष्ट इथं टाकते. तुम्ही करून दिलेल्या कागदावर, संकटात कुणाला फोन करायचा त्या यादीत, आमच्यानंतर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात. एका रात्री त्यानं स्वतः लावला होता. मला सकाळी कळलं.

तुम्ही पेशंटकडून काही घेत नाही, म्हणून भाकरीचं पाकीट आणत नाही. पण पालकांची बैठक सुरू करायचं तुमच्या मनात होतं आणि जागा मिळत नव्हती. आमच्या वरच्या खोलीत दुपारी दोननंतर कुणी नसतं, बायका काम उरकून जातात. खुर्च्या नाहीत, सतरंज्या आहेत. शनिवार सोडून कुठलाही वार चालेल, शनिवारी पुण्याची ऑर्डर असते. आधी फोन करा म्हणजे तवे उतरवून ठेवते.

तुमची,
एका मुलाची आई
सोलापूर